नंबर काकांच्या फोनवर

"मेल हिचाच टाकलाय, नंबर माझा. पोरीचा नंबर कसा द्यायचा रं कुणालाही?"

मोठे काका ओटीवर शेजाऱ्याला सांगत होते. मी आत खिडकीशी कपड्यांच्या घड्या घालत होते, हातातला टॉवेल तसाच राहिला. गेले काही आठवडे मला लग्न जुळवणाऱ्या एका वेबसाइटचे मेल येत होते. 'तुमच्या पुतणीसाठी आजची नवीन स्थळं.' मला कसली पुतणी? माझंच लग्न झालेलं नाही. कुणीतरी चुकून माझा पत्ता टाकला असेल असं समजून मी ते न उघडताच पुसत होते. ती पुतणी मी होते.

आमच्या घराचा मेल एकच, माझा. मला कर्जतच्या इंग्रजी शाळेत घातलं, तेव्हापासून घरातलं सगळं इंग्रजी माझ्याकडे आलं. गॅसचं बुकिंग, वडिलांचा पीएफ, चुलतभावाचे नोकरीचे अर्ज, सगळं माझ्या मेलवर. फोन नंबर मात्र सगळीकडे मोठ्या काकांचा. काकांना इंग्रजी मेसेज आला की ते "बघ गं काय आलंय" म्हणून फोन पुढे करतात, आणि मी हातातलं काम टाकून सगळ्यांसमोर तो मराठीत सांगते. या घरात माझा आवाज ऐकू येतो तो बहुतेक तेवढ्यापुरताच.

काकांना सरळ विचारता आलं असतं. पण काकांना विचारणं म्हणजे त्यांनी मला आधी विचारायला हवं होतं असं म्हणणं. मी ते टाळलं आणि मेलशी भांडत बसले. मेलच्या तळाशी बारीक अक्षरात अनसबस्क्राइब होतं, ते दाबलं. 'तुम्ही जाताय याचं वाईट वाटतं,' असं पान आलं. दुसऱ्या दिवशी तीच वेबसाइट वेगळ्या पत्त्यावरून हजर. नव्या स्थळांचे मेल थांबवले तर 'कुणीतरी रस दाखवला आहे' असे सुरू झाले. ते थांबवले तर आठवण करून देणारे. त्यांच्या मदत केंद्राला लिहिलं तर यंत्राचंच उत्तर आलं. 'आदरणीय सर, आपल्या पुतणीसाठी योग्य जोडीदार शोधण्यात आम्ही आपल्यासोबत आहोत.'

शेवटी पासवर्ड विसरल्याचं सांगून नवा मागवला आणि आत शिरले. कॉलेजच्या निरोप समारंभातला माझा फोटो होता, बाजूला कापलेल्या मैत्रिणीचा अर्धा खांदा. खाली स्वभाव: 'शांत. मोठ्यांच्या शब्दाबाहेर नाही. उलट बोलत नाही.' शाळेत मराठीत बोलले की ओरडा बसायचा. घरी बोलण्यात चार इंग्रजी शब्द आले की "आली मडम" म्हणून हसायचे. मग मी गप्पच राहायला लागले. ज्यांनी मला गप्प केलं, त्यांनीच तो माझा गुण म्हणून तिथे मांडला होता.

'खातं बंद करा' दाबलं. पुढचं पान म्हणालं, 'खात्री करण्यासाठी आपल्या फोनवर ओटीपी नंबर पाठवू का?' आपल्या म्हणजे काकांच्या. मी मागे फिरले. त्यांचे सगळे मेल स्पॅममध्ये जातील असं केलं आणि सुटले असं मानलं.

मग एका रविवारी काकू म्हणाली, "साडी नेस गं. पाव्हणं येतायत शेलूवरनं."

मी आईकडे पाहिलं. ती कांदेपोह्यांचे कांदे चिरत होती आणि मान वर करत नव्हती.

मी स्पॅम उघडलं. तळाशी कुठेतरी होतं, 'अभिनंदन! आपल्या पुतणीचा होकार समोरच्या कुटुंबाला कळवला आहे.' माझा होकार तिथे कचऱ्यात पडून होता. माझ्याच लग्नाची बातमी मला घरात कुणी सांगत नव्हतं. एक यंत्र सांगत होतं, आणि त्याचं तोंड मी स्वतः बंद केलं होतं.

पाहुणे तिघे. मुलगा, त्याची आई आणि आत्या. शेलूला नवीन फ्लॅट घेतलाय, हे मुलाच्या आईचं पोह्यांआधीच सांगून झालं. मुलगा चांगला असेलही. तो सारखा पंख्याकडे बघत होता.

"बोलत नाही का हो मुलगी?" त्याच्या आईने विचारलं.

"इंग्लिश मीडियमची हाय, पण उलट शब्द नाय," काका म्हणाले. "आजकाल मिळतात का अशा?"

"बरंय की," आत्या म्हणाली. "आमच्याकडं बोलायला मी हायच."

सगळे हसले. माझे वडीलही.

"मग ठरलं समजायचं ना?" काका म्हणाले. "सुपारी कधी फोडायची तेवढं बोला."

मी चहा आणायला आत गेले. चहा उकळत होता. ओट्यावर माझा फोन होता. मी पुन्हा त्या पानावर गेले आणि 'नंबर पाठवा' दाबलं.

बाहेर टीपॉयवर काकांचा फोन वाजला. मला तो ऐकू आला, आणि त्यामागोमाग काकांची हाक, नेहमीचीच.

"अगं ए, बघ गं काय आलंय!"

मी गॅस बंद करून बाहेर गेले. काकांनी न बघताच फोन पुढे केला होता. पाहुण्यांकडे वळून ते कौतुकाने म्हणाले, "आमचं सगळं इंग्लिश हीच बघते."

मी मेसेज वाचला. आकडे ध्यानात ठेवले.

"काका, त्या साइटवरचं माझं खातं बंद करायचा नंबर आलाय," मी म्हणाले. "मीच मागवलाय. मी होकार दिलेला नाही."