पाण्यात राहिलेली बाई

खरं सांगायचं तर तेव्हा मी महादेवावर रुसले होते. सगळं आयुष्य बोट लावून लावून अक्षर ओळखीचं केलं, आणि पन्नाशी जवळ आल्यावर त्यानं तेच पुसायला घेतलं, असं मला वाटायचं.

माझं माहेर हिंगोलीकडचं. शाळा सहावीत सुटली ती सुटलीच. मिस्टरांच्या नोकरीपायी देवळाली कॅम्पात आले, तेव्हा दुकानांच्या पाट्या वाचतानाही मी अडखळायची. आमच्या गल्लीतल्या महादेवाच्या देवळात श्रावणी सोमवारी बायका पोथी वाचतात. पहिल्याच वर्षी जोशीकाकूंनी मला शेजारी बसवून घेतलं आणि म्हणाल्या, "चुकलीस तर चूक. देव काय पेपर तपासत नाही." त्यांच्या त्या एका वाक्यावर मी वाचायला शिकले. पुढे समाप्तीचा अध्याय दरवर्षी माझ्याकडेच यायला लागला. नात्यागोत्याचं कुणी जवळ नसलेल्या या गावात मी 'पोथीवाल्या ताई' झाले. मला त्याचा फार अभिमान होता. देवापुढे खोटं कशाला बोलू?

मग दोन वर्षांपूर्वी अक्षरं हलायला लागली. आधी वाटलं, देवळात उजेड कमी आहे. मग पोथी लांब धरायला लागले. केस काळे करत होतेच, गुडघ्याला तेल लावत होते, तेही कुणाला कळू न देता. पण चष्म्याची मला भीतीच बसली होती. आमच्या आत्याला चष्मा लागला तेव्हा घरच्यांनी मायेनंच तिच्या हातून सुईदोरा काढून घेतला, मग विळी, मग चूल. कोपऱ्यात बसून ती नुसती सगळ्यांच्या पायांकडे बघत राहायची. माझ्या हातून पोथी गेली तर या परगावात माझं काय उरेल, हा एकच घोर होता. म्हणून मी निम्मं पाठ म्हणायची आणि निम्मं अंदाजानं. रोज मनात मागायची, "देवा, माझे डोळे मला परत दे."

गेल्या श्रावणातला शेवटचा सोमवार. बाहेर आभाळ भरलेलं, देवळात पंचवीसेक बायका. माझ्या शेजारी सुनीता, माझ्याहून पाचेक वर्षांनी लहान. मी पोथी लांब धरलेली बघून ती हळूच म्हणाली, "ताई, अजून जरा लांब धरा, नंदीला पण दिसेल." मी हसल्यासारखं केलं.

आमची पोथी सुट्या पानांची. श्रावणातल्या ओलीनं दोन पानं एकमेकांना चिकटली होती, आणि मी ती एकदमच उलटली. त्या अध्यायात एक भाविक बाई बेलाची पानं डोक्यावर घेऊन पुराच्या पाण्यात उतरते. मी ती ओवी वाचली आणि पुढची ओवी आली ती थेट तिच्या घरातली, ती चुलीपाशी बसलेली. सांधा जुळत नाही हे मला कळलं. पण थांबले असते तर पान शोधावं लागलं असतं, आणि ते मला दिसलं नसतं. म्हणून देवासमोर, समाप्तीच्या दिवशी, मी तशीच पुढे वाचत गेले.

खांबाला टेकून एक म्हातारी बसली होती. भाचीकडे आलेली, हरसूलकडची, बसची वेळ होईपर्यंत टेकलेली, एवढंच तिनं आल्या आल्या सांगितलं होतं. ती शांतपणे म्हणाली, "पोरी, ती बाई पाण्यातच राह्यली ना गं. तिला आधी काठावर आण."

मी वाचायची थांबले. जोशीकाकू म्हणाल्या, "आजी, तुम्ही वाचता का पोथी?"

"मला कुठं वाचता येतंय. गावाकडं दरसाली ऐकते नं. कान हाय माझा." असं म्हणून ती गुडघ्यावर हात देत उठली, माझ्याजवळ आली आणि कमरेच्या पिशवीतून एक चष्मा काढला. एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. "हा घाल. मी तांदळातलं खडं बघते यातनं. तुला अक्षरं दिसतील. लाजायचं काय त्यात? डोळं म्हातारं झालं, बाई नाय झाली."

मी तो डोळ्यांवर चढवला. काय सांगू, एकेक वेलांटी उभी राहिली. चिकटलेलं पान सोडवलं, मागे गेले, आणि त्या बाईला पुरातून हळूहळू काठावर आणलं. वाचता वाचता रडत होते. कुणी हसलं नाही. सुनीतानं पदरानं माझा गाल पुसला.

आरती संपली तेव्हा म्हातारी निघून गेली होती. बस आली असेल. चष्मा द्यायला म्हणून मी पुढे हरसूलच्या आठवडे बाजारात जाऊन आले. नाव ठाऊक नाही, भाचीचं घर ठाऊक नाही. तशा चेहऱ्याच्या कितीतरी आज्या तिथे भाजी मांडून बसलेल्या, पण ती दिसली नाही. नंतर डोळे तपासले, तर माझा नंबर त्या चष्म्याचाच निघाला. चष्मेवाला म्हणाला, या वयात पुष्कळांचा असतो. असेलही. मी वाद घालत नाही.

आता माझा स्वतःचा चष्मा आहे. केस काळे करणं मी सोडलं, गुडघ्याला तेल उघड्यावर बसून लावते. मी डोळे मागितले होते. महादेवानं डोळे दिले नाहीत. पण लपवायचं जे ओझं मी डोक्यावर घेऊन पाण्यात उभी होते, ते तेवढं उतरवून घेतलं.

म्हातारीचा चष्मा मी पोथीच्या लाल रुमालातच ठेवून दिला आहे. यंदा पहिल्या सोमवारी वाचायची पाळी सुनीताची होती. चार ओव्या झाल्या आणि तिचा हात हळूहळू लांब जायला लागला. मी रुमाल उघडून तिच्यापुढे सरकवला. तिनं माझ्याकडे बघितलं, जरा हसली, आणि दोरा बांधलेली दांडी कानामागे अडकवली.