वायरलेस थर्मामीटरवाला शेजारी

माजरीच्या कोळसा खाणीत काम करणारा आमचा शेजारी मटण भाजताना शेगडीपाशी थांबत नाही. बकऱ्याच्या मांडीत थर्मामीटरची सळी खुपसतो, मोबाइल खिशात टाकतो आणि पाहुण्यांत जाऊन बसतो. प्रत्येक वाक्याच्या शेवटी "बराबर?" म्हणतो आणि उत्तराची वाट पाहत नाही.

हे वायरलेस थर्मामीटर त्याने पारखून घेतलं. मागवलेलं प्रत्येक यंत्र आधी उकळत्या पाण्यात धरून पाहिलं, मग भिंतीआड जाऊन फोनवर आकडा टिकतो का ते तपासलं. न टिकणारी परत पाठवली. "भिंत आली का मुकं होते, थे काय कामाचं? बराबर?"

तो यायच्या आधी वसाहतीत मटण भाजण्याचा मान माझा होता. मी धुरात उभा राहतो आणि सुरीने चिरून आत पाहतो. त्यात रस वाहून जातो. त्याचं मटण रसाळ होतं, हे मला मान्य आहे. पण त्याला गप्पांनाही वेळ मिळतो, हे जास्त खुपतं.

मागच्या रविवारी जेवण आमच्या अंगणात होतं. त्याने न विचारता माझ्या मटणात सळी खुपसली.

"भाऊ, धुरात काऊन उभे राहून राह्यले? बसा न इथी. झालं का मोबाइल सांगते. बराबर?"

मी बसलो. नजर मात्र शेगडीकडेच जात होती. तो खाणीतल्या साहेबाची नक्कल करत होता आणि सगळे हसत होते.

तेवढ्यात बायको ताटं घेऊन बाहेर आली. मसाला मी लावला होता, निखारे मी पाडले होते. तिने त्याला विचारलं, "भाऊ, झालं का हो?"