घरी येऊन घेऊन जावे

सगळी इमारत तिला पाठीमागे ‘तोफ’ म्हणायची आणि तोंडावर ‘काकू’. तिला दोन्ही नावं ठाऊक होती, आणि खरं सांगायचं तर पहिलंच जास्त आवडायचं. जिन्यात सिगारेटची थोटकं टाकणारा वरच्या मजल्यावरचा, पाण्याची मोटर लावायला विसरणारा वॉचमन, ‘काकू, जरा हळू बोला’ असं सांगायला आलेला बँकेतला साहेब, यांतल्या कोणावर ती धडाडली नव्हती? राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर बसलेला असायचा. पण उगाच कधी चिडली, असं कोणी शपथेवर सांगू शकणार नाही. माणसंच तशी वागतात, त्याला ती बिचारी काय करणार.

नवरा मात्र गरीब गाय. आयुष्यभर त्यांनी कुलपांचं दुकान चालवलं, म्हणून सगळे त्यांना दुकानदारच म्हणत. धंद्याचा त्यांचा एक नियम होता. कुलूप गिऱ्हाइकाच्या एका हातात द्यायचं, किल्ली दुसऱ्या हातात, आणि त्याने स्वतः उघडून बघितल्याशिवाय त्याला पायरी उतरू द्यायचं नाही. कुलूप आणि किल्ली एका पुडीत कधी बांधायची नाही. ‘पुडी हरवली तर घर हरवलं,’ असं ते म्हणायचे. गिऱ्हाईक घाईत असलं तरी त्यांना त्याची फिकीर नसे, आणि एकदा बोलायला लागले की कुलपाची सात पिढ्यांची कुळकथा सांगत. तोफ दुपारचा डबा घेऊन दुकानात जायची आणि म्हणायची, ‘पुरे आता. जेवा.’

मग दुकानदारांची आठवण जायला लागली. आधी गिऱ्हाइकांची नावं गेली, नंतर घराचा रस्ता, आणि एके दिवशी लेक भेटायला आली तर ते तिला म्हणाले, ‘ताई, दुकान बंद आहे, उद्या या.’ लेक बाथरूममध्ये जाऊन रडली. तोफ रडली नाही, ती डॉक्टरवर चिडली. दुकानाची जागा सोडावी लागली आणि तिथला सगळा माल घरी आला. मागच्या खोलीत कुलपं, कड्या-कोयंडे, बिजागऱ्या, गल्ल्याच्या पेट्या, दोन छोट्या तिजोऱ्या, असा ढीग लागला. पलंगाकडे जायचं तर आडवं होऊन जावं लागे.

लेकीने आईच्या फोनवर लिलावाचं ऍप टाकून दिलं. फोटो काढायचा, चार ओळी लिहायच्या, लोक बोली लावतात, जास्त बोली त्याची वस्तू. तोफ ते बघता बघता शिकली. जुन्या कुलपांचे शौकीन जगात इतके आहेत, हे तिला तोपर्यंत माहीत नव्हतं.

सुरुवातीला ती कुरिअरने माल पाठवायची, आणि तिथेच घोळ झाला. नवऱ्याचा नियम तिच्या हाडीमांसी खिळलेला. तिने कुलूप एका पार्सलमध्ये घातलं आणि किल्ली दुसऱ्यात, म्हणजे वाटेत चोराच्या हाती दोन्ही एकदम लागायला नकोत. एकाच दिवशी दोन कुलपं गेली, आणि याची किल्ली त्याला पोचली, त्याची याला. दोघेही तिच्यावर तुटून पडले. ‘एका डब्यात का नाही पाठवलं?’ असं एकाने विचारलं, तेव्हा तिने त्याला कुलूप विकायची अक्कल शिकवली, अगदी सविस्तर. दोघांनीही तिला एकेकच तारा दिला.

त्या दिवसापासून तिने प्रत्येक वस्तूखाली लिहायला सुरुवात केली, ‘घरी येऊन घेऊन जावे.’

लेकीला हे मुळीच पटलं नाही. ‘आई, अनोळखी माणसं घरात घेतेस? त्यात बाबांची ही अशी अवस्था. कोण कसा असेल काय सांगावं? कुरिअर परवडलं.’

‘तुझ्या कुरिअरवाल्याची ओळख आहे का माझी?’ तोफ म्हणाली.

पण खरं कारण तिने लेकीला सांगितलं नव्हतं. पहिलं गिऱ्हाईक दारात आलं, तेव्हा दुकानदार खुर्चीतून उठले. आपणहून. शर्टाची बटणं लावली, केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, ‘या, बसा. काय दाखवू?’ कितीतरी दिवस ज्या माणसाच्या तोंडून धड एक वाक्य निघत नव्हतं, तो माणूस किल्ली फिरली की कुलपातल्या पट्ट्या कशा चढतात ते समजावून देत होता. तोफ स्वयंपाकघराच्या दारात पातेलं हातात घेऊन उभी राहिली आणि दूध उतू गेलं. गिऱ्हाईक गेल्यावर ते पुन्हा खुर्चीत बसले आणि भिंतीकडे बघू लागले. पण तेवढा वेळ तर ते होते.

त्या ढिगाऱ्यातलं एकच कुलूप विकायचं नव्हतं. दुकानाच्या शटरला लागायचं ते पितळी कुलूप दुकानदारांनी स्वतः कानस घासून बनवलेलं होतं. संध्याकाळ झाली की ते म्हणायचे, ‘चला, दुकान वाढवू.’ मग दिवसभर खिळ्यावर टांगलेलं ते कुलूप कपड्यांच्या कपाटाला लावायचं, दोनदा ओढून बघायचं, किल्ली गळ्यातल्या दोरीत अडकवायची, आणि मग त्यांच्या जिवाला स्वस्थता. मग जेवण, मग झोप. कपाटात जुन्या चादरींशिवाय काही नव्हतं, पण ते आपल्याला काय करायचंय.

आणि मग तो आला. चष्मा डोळ्यांवर असतो, याचा कपाळावर. गल्ल्याची पेटी त्याने लिलावात घेतली होती. गोड बोलणं, मऊ आवाज, ‘काका, काका’ करत जवळ बसला. पेटी बांधायला दोरी हवी होती म्हणून तोफ शेजारी गेली. शेजारणीकडे दोरी सापडेना, सापडली तर तुटकी निघाली, आणि त्यात वॉचमन भेटला, मग मोटरीचा विषय निघाला. ती परत आली तेव्हा चष्मेवाला निघायच्या बेतात होता. ‘काकांशी गप्पा मारून फार बरं वाटलं,’ असं म्हणून गेला. गोगलगाय आणि पोटात पाय.

संध्याकाळी दुकानदार उठले, ‘चला, दुकान वाढवू’ म्हणाले, आणि खिळ्यावर कुलूप नव्हतं. गळ्यात किल्ली नव्हती.

‘अहो, कुलूप कुठंय?’

‘विकलं,’ दुकानदार समाधानाने म्हणाले. ‘चांगलं गिऱ्हाईक होतं.’

आणि मग ते कुलूप शोधू लागले. विकलं हेही विसरले होते आणि दुकान उघडं आहे हे मात्र पक्कं डोक्यात. ते जेवले नाहीत. दाराशी जात, परत येत, ‘चोर येतील, तू कुलूप कुठे ठेवलंस?’ म्हणत. तिने दुसरं कुलूप लावून बघितलं, ढिगाऱ्यात काय कमी होती? त्यांनी ते हातात घेऊन नुसतं तोललं आणि खाली ठेवलं. असं रोज संध्याकाळी व्हायला लागलं. माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला.

तोफेने चष्मेवाल्याला निरोप पाठवला. उत्तर आलं, ‘काकांनी प्रेमाने भेट दिली आहे. भेट परत मागत नाहीत, काकू.’ वर हात जोडलेलं चित्र.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भेट? ज्या माणसाला स्वतःची लेक ओळखू येत नाही, तो तुला भेट देतो आणि तू ती खिशात घालून जिना उतरतोस? भामट्याने निदान कडी तरी तोडायची, म्हणजे चोरी केल्याची लाज तरी त्याच्या पदरात पडली असती. याने ‘काका, काका’ करत नेलं, आणि वर तिलाच रीतभात शिकवतो.

लेक फोनवर म्हणाली, ‘मी सांगत होते.’

‘सांगत होतीस ना? मग आता गप्प बस आणि त्या ऍपवर वस्तू कशी शोधायची ते सांग.’

कारण तो कुलूप विकायला काढणार याची तिला खात्री होती, आणि ती खरी ठरली. काही दिवसांतच कुलूप लिलावात आलं. ‘जुन्या कारागिराच्या हातचं पितळी कुलूप, मूळ किल्लीसह. घरी येऊन नेता येईल.’ तोफेने बोली लावली. तिच्या बोलीवर कोणीतरी चढी बोली लावली. तिने पुन्हा लावली. स्वतःच्या घरातली वस्तू मिळवायला परक्याशी झुंजावं लागतंय, या विचाराने ती फोनला शिव्या देत होती, पण शेवटी कुलूप तिच्या नावावर लागलं. लगेच निरोप आला, ‘कुरिअर करू का?’ नाव बघून त्याला घाम फुटला असणार.

‘नको,’ तिने लिहिलं. ‘मी घरी येऊन घेऊन जाईन.’

दुकानदारांना एकटं सोडता येत नव्हतं, म्हणून त्यांना इस्त्रीचा शर्ट घालून बसमध्ये बसवलं. वाटेत तिने मनात भाषण तयार केलं. त्यात त्याच्या आईवडिलांचा उद्धार होता, पोलीस होते, आणि शेवटी असा एक शब्द होता, जो तिने वॉचमनलाही कधी वापरला नव्हता.

चष्मेवाल्याने दार उघडलं. खोली लोकांच्या वस्तूंनी भरलेली. भिंतभर घड्याळं, टेबलाखाली दिवे, कोणाच्या तरी आजोबांची काठी, सगळ्यांना चिठ्ठ्या लावलेल्या. तोफेने श्वास घेतला आणि तोंडाचा पट्टा सोडला. ‘लाज नाही वाटली? आजारी माणसाच्या गळ्यातली किल्ली काढून घेताना हात नाही कापले?’

‘काकू, त्यांनीच दिलं हो. मी नको म्हणालो होतो.’

‘किती वेळा म्हणालात?’

तो खाली बघत म्हणाला, ‘एकदा.’

ती पुढचं बोलणार, तेवढ्यात दुकानदार तिच्या बाजूने आत शिरले. त्यांचा चेहरा उजळला. ‘अरे, तुम्ही? या, बसा, बसा.’ त्याच्याच घरात त्यालाच बसायला सांगून ते तोफेकडे वळले. ‘बाई, हे आपलं नेहमीचं गिऱ्हाईक. फार सज्जन माणूस.’

भाषणातले पोलीस आणि तो शेवटचा शब्द तसेच राहून गेले. लेक ओळखू येत नाही, शेजारी ओळखू येत नाहीत, आणि हा ओळखू येतो. हा. आणि तिला ते बाई म्हणाले होते.

चष्मेवाल्याने कुलूप आणि त्याची किल्ली टेबलावर आणून ठेवली. दुकानदारांनी कुलूप उचललं, शर्टाला पुसलं, आणि तोफेच्या एका हातात दिलं. दुसऱ्या हातात किल्ली. ‘उघडून बघा बाई. स्वतः उघडल्याशिवाय कुलूप घेऊ नये.’

तिने उघडलं. कडी खट्‌कन वर आली.

‘हे विकायचं नव्हतं खरं तर,’ दुकानदार म्हणाले. ‘माझ्या बायकोसाठी केलंय. आमच्या दुकानात एकदा चोरी झाली. कुलपाच्या दुकानात. दिव्याखाली अंधार. बायको फार चिडकी आहे माझी. भर रस्त्यात म्हणाली, जगाला कुलपं विकता आणि स्वतःला असलं तसलं लावता? मला इतकी लाज वाटली. मग बसून हे केलं. तिला दाखवायचं होतं.’

‘मग दाखवलंत का?’ तोफेने विचारलं.

‘दाखवायला गेलो. ती म्हणाली, पुरे आता, जेवा.’

चष्मेवाला खिडकीबाहेर बघत होता. त्याने ही गोष्ट आधी ऐकली होती, हे त्याच्या पाठीवरून कळत होतं.

‘मग यांना का दिलंत?’

‘यांनी सगळं ऐकून घेतलं,’ दुकानदार म्हणाले.

तोफेला तेव्हा इतका राग आला की कोणाकोणाचा आला, ते तिला वेगळं काढता येईना. समोरच्या लफंग्याचा आला, आजाराचा आला, आणि डबा हातात धरून दुकानाच्या पायरीवर उभ्या असलेल्या एका तरुण बाईचा तर फारच आला. त्या बाईला आता जाऊन खडसावता येत नव्हतं.

ती निघाली. दारात थांबून चष्मेवाल्याला म्हणाली, ‘तुम्ही चोर आहात. पुन्हा आलात तर रिकाम्या हाताने यायचं आणि रिकाम्या हाताने जायचं. पण यायचं.’

उत्तराची वाट न बघता ती दुकानदारांना घेऊन बाहेर पडली.

त्या संध्याकाळी कपाटाला कुलूप लागलं. दुकानदारांनी दोनदा ओढून बघितलं आणि पोटभर जेवले. तोफेने फोन घेतला आणि प्रत्येक वस्तूखालची ओळ बदलली. ‘घरी येऊनच न्यावे लागेल. कुरिअर मिळणार नाही. आधी बसून दुकानदारांचे बोलणे पूर्ण ऐकावे लागेल. त्यांनी काही दिले तर घेऊ नये. घेतल्यास गाठ माझ्याशी आहे.’

लेकीचा फोन आलाच. ‘आई, हे काय लिहिलंस? असल्या अटीवर कोण येणार?’

‘नाही आलं कोणी तर नाही आलं.’

बोल्या कमी झाल्या, हे लेकीचं खरं ठरलं. दुसऱ्या दिवशी कोणीच आलं नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. दुकानदार खुर्चीत बसून भिंतीकडे बघत होते. तोफेने गॅस बंद केला, हात पुसले, बाहेरच्या दाराशी गेली आणि दारावर टकटक करून पुन्हा आत आली.

दुकानदार उठले. बटणं लावली. ‘या बाई, बसा. काय दाखवू?’

‘कुलूप दाखवा,’ तोफ समोरच्या खुर्चीत बसत म्हणाली. ‘आणि नीट सांगा सगळं. मला असलं तसलं चालणार नाही.’

दुकानदार हसले. ‘माझी बायको पण अगदी अशीच बोलते,’ ते म्हणाले, आणि खिळ्यावरचं कुलूप काढायला वळले.