सलामीचं पाणी

मी मूळची मुरुडची. वडिलांचं बाजारपेठेत कापडाचं दुकान. लातूरला बी.कॉम. केलं आणि दोन वर्षं घरी बसून निरनिराळ्या परीक्षा देत राहिले. एक दिवस पेपरात जाहिरात दिसली. नांदेडच्या विमानतळावर एका विमान कंपनीला मुली पाहिजे होत्या. मराठी, हिंदी आणि कामापुरतं इंग्रजी येणाऱ्या.

त्या कंपनीचं नाव आमच्याकडं कुणी ऐकलं नव्हतं. त्याचं कारण मला मुलाखतीत कळलं. इतकी वर्षं त्यांची विमानं दुसऱ्या एका मोठ्या कंपनीसाठी उडत होती. विमान यांचं, वैमानिक यांचा, पण तिकिटावर आणि शेपटीवर नाव त्या मोठ्या कंपनीचं. तो करार संपला होता आणि आता ते पहिल्यांदाच स्वतःच्या नावानं प्रवासी नेणार होते. सुरुवातच हैदराबाद ते नांदेड या मार्गानं होणार होती.

मी हे वडिलांना सांगितलं तेव्हा ते कापडाची घडी घालता घालता म्हणाले, "म्हंजे दुसऱ्याच्या दुकानात गादीवर बसणाऱ्यानं स्वतःचं शटर उघडलं म्हण की. जा. अशा माणसाजवळ काम शिकायला मिळतंय."

नांदेडला मी विमानतळाच्या भिंतीपलीकडच्या वस्तीत खोली घेतली. घरमालकीण पन्नाशीची विधवा बाई होती. माहेर बिलोलीकडचं, त्यामुळं बोलता बोलता मध्येच एखादा तेलुगू शब्द यायचा. ती शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. मी तिला मावशी म्हणायचे. ती मला पोरी म्हणायची.

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. वस्तीतले हातपंप केव्हाच बंद पडले होते. आठवड्यातून एकदा टँकर यायचा, तोही मी ड्यूटीवर असताना. त्यामुळं मी तो टँकर कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. मी घरी यायचे तेव्हा माझ्या दाराशी दोन घागरी आणि एक बादली भरून, वर ताटली झाकून ठेवलेली असायची. ते पाणी मावशीनं रांगेत उभं राहून, बायकांशी भांडून मिळवलेलं असायचं. मी एकदा तिला म्हणाले, "मावशी, माझ्यासाठी एवढं कशाला?" तर म्हणाली, "तू कामाला जातीस, मी बी जाते. फरक एवढाच, माझी खिचडी बारा वाजता संपती."

आमचे मॅनेजर केरळचे होते. उंच, शांत, हिंदीत बोलणारे. पहिल्या विमानाला आठ दिवस राहिले होते तेव्हा त्यांनी आम्हा पाचही जणांना बोलावलं आणि कार्यक्रम सांगितला. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचं भाषण, पहिल्या प्रवाशाला गुलाब. आणि विमान उतरून जागेवर येताना वॉटर सॅल्यूट.

ते काय असतं हे आम्हाला माहीत नव्हतं. त्यांनी मोबाइलवर दाखवलं. दोन बाजूंना आगीच्या दोन गाड्या उभ्या, त्यांच्या नळांतून पाण्याच्या दोन धारा वर जाऊन एकमेकींना भेटतात आणि त्या कमानीखालून विमान भिजत पुढं येतं.

"नव्या कंपनीचं पहिलं विमान असलं की जगभर असं करतात," ते म्हणाले.

मी म्हणाले, "सर, इथं प्यायला पाणी नाही."

"फायरच्या गाड्या दुष्काळातही भरलेल्याच ठेवाव्या लागतात. नियम आहे. तेच पाणी वापरायचं आहे."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मी ते पटवून घेतलं. मला ती कमान बघायची होती.

आदल्या दिवशी सकाळी तालीम झाली. वारा होता. पहिल्यांदा एका बाजूची धार वळून सगळी जमिनीवर गेली. दुसऱ्यांदा कमान झाली, पण वाकडी. तिसऱ्यांदा जमली. आगीच्या गाडीवर हदगावचे एक काका होते, निवृत्तीला आलेले. नळ बंद करून ते खाली उतरले आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "ताई, आमची बोअर महिन्यापासून नुसता गाळ देऊन राहिली. गाडी भरून ठेवली होती ती आगीसाठी. आता ही परत भरायची कुठून? रिकाम्या गाडीवर विमान उतरू देत न्हाईत."

मी मॅनेजरना सांगितलं. त्यांनी कुणाला तरी फोन लावला. टँकर पुरवणारा एक ठेकेदार होता, त्यानं व्यवस्था होईल म्हणून सांगितलं.

दुपारी मागच्या फाटकावर टँकर आला. तासाभरानं तोच पुन्हा आला. आगीच्या गाड्या भरल्या. दुसऱ्या खेपेला ड्रायव्हरनं पावतीचं बुक काढलं, कार्बन सारखा केला आणि माझ्यापुढं धरलं. "मॅडम, पाणी मिळालं म्हणून सही पाहिजे. दोन खेपांच्या दोन." मॅनेजर मंडपाकडं होते. मी बुक टँकरच्या चाकावरच्या पत्र्यावर टेकवलं आणि दोन्ही सह्या केल्या. खाली माझं पूर्ण नाव लिहिलं, कारण वडिलांनी लहानपणापासून शिकवलं होतं, सही केली की नाव वाचता येईल असं लिहावं. सही करण्याआधी कागद वाचावा हेही त्यांनीच शिकवलं होतं. ते मी केलं नाही. मला पाहुण्यांच्या खुर्च्या मोजायच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी विमान वेळेवर आलं. पांढरं, दोन पंख्यांचं, शेपटीवर कंपनीचं स्वतःचं नाव. ते नाव बघून मॅनेजरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बारा वर्षं या कंपनीत होते आणि बाराही वर्षं दुसऱ्याच्या नावाचा गणवेश घालत होते. दोन्ही बाजूंनी धारा सुटल्या. उन्हात त्या कमानीत इंद्रधनुष्य उमटलं आणि विमान त्याच्याखालून आलं. मी टाळ्या वाजवल्या. इतक्या की हात लाल झाले.

पाहुण्यांचं भाषण मात्र विमानाबद्दल नव्हतंच. त्यांनी अर्धा तास नव्या जिल्ह्याची बाजू मांडली. किनवट की उदगीर, कोण आधी, कुणावर अन्याय. तोवर मी धावपट्टीकडच्या काचेतून बाहेर बघत होते. सिमेंटवर सांडलेलं पाणी उताराला गटाराकडं चाललं होतं आणि त्याच्यावर कुठून कुठून साळुंक्या, चिमण्या, होले उतरले होते. शेकड्यांनी. विमानाच्या पंख्यांना पक्ष्यांचा धोका असतो, म्हणून हदगावच्या काकांनी आणि आणखी दोघांनी फटाके लावून त्यांना हुसकावलं. पाखरं उडायची आणि परत यायची. शेवटी पाणी वाळलं तेव्हा गेली.

आदल्या रात्री मी उशिरा येऊन तशीच झोपले होते. आज घरी आले तेव्हा अजून दिवस होता. गल्लीत प्लास्टिकचे ड्रम आणि घागरी ओळीनं लागलेल्या होत्या, सगळ्या रिकाम्या. मावशी उंबऱ्यात बसली होती.

"टँकर न्हाई आला," ती म्हणाली. "काल यायचा होता. कालपासून वाट बघून राहिलो." मग तिचा चेहरा जरा खुलला. "पण तुमचा कार्यक्रम बघितला मी. शाळेच्या गच्चीवरून. लई चांगलं दिसत होतं, पोरी. पोरं सुद्धा खिचडी टाकून वर आली, गल्लीतल्या बायका बी आल्या. दोन वर्षांनी असं वरून पडणारं पाणी बघितलं."

मी तिला पाहुण्यांचं भाषण सांगितलं, विमानावरचं नाव सांगितलं. त्या दिवशी माझ्या दाराशी एकच घागर होती, तीही अर्धी. ती तिनं स्वतःच्या घागरीतून ओतून दिली होती हे मला नंतर समजलं.

दोन दिवस गेले तरी टँकर आला नाही. तिसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. मावशी म्हणाली, "आम्ही सात जणी टंचाईच्या हापिसात जाऊन राहिलो. तू शिकलेली हायस. अर्ज लिहून दे आणि आमच्यासंगं चल." मी अर्ज लिहिला. चांगला लिहिला. 'वस्तीस ठरलेल्या दिवशी पाणी मिळाले नाही, तरी चौकशी व्हावी.' खाली बायकांचे अंगठे आणि सह्या घेतल्या.

ऑफिसातला कारकून सभ्य होता. त्यानं अर्ज पूर्ण वाचला, फाइल काढली आणि पानं उलटली. मग म्हणाला, "बाई, त्या दिवशी तुमच्या वस्तीत दोन खेपा झालेल्या आहेत. पावत्या आहेत."

"न्हाई झाल्या," मावशी म्हणाली. "आम्ही दिवसभर दारात होतो."

"मग ही सही कुणाची?" त्यानं फाइल आमच्याकडं फिरवली.

वर छापलेलं होतं, 'खालील खेप वस्तीत पोहोचली व पाणी ग्रामस्थांना मिळाले.' मोकळ्या जागेत पेनानं वस्तीचं नाव. खाली माझी सही. त्याखाली माझं पूर्ण नाव, वाचता येईल असं.

माझ्या कानात काहीतरी बंद झालं. कारकून पुढं काहीतरी बोलत होता, त्याचे ओठ हलताना दिसत होते. मी ते अक्षर बघत होते. कार्बनमुळं निळं उमटलेलं. माझ्या 'म'ची गाठ ओळखू येत होती. मला एवढंच वाटत होतं की आता मावशीनं विचारू नये. तिला वाचता येत नव्हतं. मी गप्प राहिले असते तर कुणालाच कळलं नसतं. कारकुनाला माझं नाव माहीत नव्हतं, बायका मला मावशीची भाडेकरीण म्हणून ओळखत होत्या.

"कुणाची हाय गं सही?" मावशीनंच विचारलं.

"माझी," मी म्हणाले.

मग मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तालीम, रिकाम्या झालेल्या गाड्या, मागचं फाटक, चाकावर टेकवलेलं बुक. "तुम्ही गच्चीवरून जे पाहिलं ते आपलं पाणी होतं, मावशी." सातांतली एक बाई खाली फरशीवर बसली. दुसरी म्हणाली, "आणि आम्ही टाळ्या वाजवल्या." मावशी माझ्याकडं बघत राहिली. रागानं नाही. एखाद्या अनोळखी माणसाकडं बघावं तसं.

कारकुनानं पेन खाली ठेवलं. "हे लिहून द्याल?" त्यानं विचारलं. "लेखी असेल तर मी वर पाठवू शकतो. पण तुमच्या नोकरीचं बघा."

मी लिहून दिलं. या वेळी दोनदा वाचून सही केली.

तिथून मी सरळ विमानतळावर गेले आणि मॅनेजरना सांगितलं. ते खुर्चीत मागं सरकले. "वस्तीचं पाणी?" त्यांनी तीन वेळा विचारलं. त्यांना वाटलं होतं ठेकेदार एखाद्या विहिरीचं पाणी आणतो. त्यांनी त्याला फोन लावला. पलीकडून जे उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, पण मॅनेजरांनी फोन मध्येच ठेवला. मग म्हणाले, "तुम्ही आधी मला विचारायला हवं होतं, लिहून देण्याआधी."

"हो सर."

"विचारलं असतं तर मी कदाचित थांबवलं असतं." एवढं बोलून ते उठले, आणि स्वतःचा जबाब लिहायला बसले.

मुख्य ऑफिसातून मला नोटीस आली. कंपनीचं नाव सरकारी कागदात का आणलं म्हणून. नव्यानंच स्वतःचं नाव लावलेली कंपनी होती ती, नावाला जपणारच. मॅनेजरांनी माझ्या बाजूनं उत्तर दिलं. नोकरी राहिली, पण मला काउंटरवरून काढून सामानाच्या कामाला लावलं. ठेकेदार बदलला. नवीन टँकर ठरल्या दिवशी यायला लागला आणि त्याच्या पावतीवर वस्तीतल्याच दोन बायकांनी सही करायची असं ठरलं. पुढच्या महिन्यात कंपनीनं दुसरा मार्ग सुरू केला, तेव्हा सलामी झाली नाही. मॅनेजरांनी वैमानिकाला शाल आणि नारळ दिला.

मावशी मात्र माझ्याशी बोलत नव्हती. खोली सोड असंही म्हणाली नाही. माझ्या घागरी आता रिकाम्याच असायच्या. टँकरच्या दिवशी मी ड्यूटी बदलून घेऊ लागले आणि स्वतः रांगेत उभी राहू लागले. पहिल्यांदा गेले तेव्हा बायकांनी मला सगळ्यात मागं उभं केलं. माझी पाळी येईपर्यंत पाणी संपलं. दुसऱ्या आठवड्यात एक घागर मिळाली. पाइप धरायचा कसा हे मला येत नव्हतं, अर्धं पाणी अंगावर गेलं आणि एक बाई म्हणाली, "हिला सलामीच द्यायची सवय." सगळ्या हसल्या. मीही हसले, पण घरी येऊन रडले.

असे दोन महिने गेले असतील. एकदा रांगेत मावशी माझ्या पुढं होती. तिची घागर भरली. ती बाजूला झाली नाही. तिनं पाइप हातात तसाच धरला, मान मागं न वळवता हात लांब केला आणि म्हणाली, "आण इकडं."

मी घागर पुढं केली.

ती कंपनी नांदेडहून पुढं दीड वर्ष उडाली आणि मग प्रवासी कमी म्हणून तो मार्ग बंद झाला. मला हैदराबादला बोलावलं होतं, मी गेले नाही. आता लातूरला एका शाळेच्या ऑफिसात काम करते. रोज कितीतरी कागद सहीसाठी समोर येतात. पालक घाईत असतात, शिपाई उभा असतो. मी प्रत्येक कागद वरपासून खालपर्यंत वाचते. लोक कंटाळतात, म्हणतात, "मॅडमला लई वेळ लागतो." लागतो.