गार्डमामांचा कलकत्त्याचा क्लब

कलकत्त्याचा एक नामांकित फुटबॉल क्लब सत्तरच्या दशकात एका वर्षी जे काही जिंकला, ते दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या सार्वजनिक नळाच्या जोरावर जिंकला. ही गोष्ट कलकत्त्यात कुणालाही ठाऊक नाही. आमच्या ओळीतल्या बायका मात्र शपथेवर सांगतील. हे घडवून आणणारा माणूस म्हणजे आमचे शेजारी, गार्डमामा. मालगाडीवर गार्ड, अंगानं दणकट, आवाज असा की शिट्टी फुंकायची गरजच पडू नये. मी बुकिंग ऑफिसात नवाच चिकटलो होतो आणि भिंतीला भिंत लागून राहत होतो, त्यामुळे हा सगळा प्रकार माझ्या डोळ्यांदेखत झाला.

मामांनी कलकत्ता कधी पाहिलं नव्हतं. त्यांची ड्यूटी मनमाडपर्यंत, नाहीतर सोलापूरपर्यंत. त्यापलीकडं त्यांचं जग संपायचं. पण लोको शेडमधला एक बंगाली बाबू त्यांचा जिवलग होता. बदली झाली की माणसं शेजाऱ्याला कोंबड्या, तुळशीची कुंडी असं काहीबाही देऊन जातात; बाबूनं मामांना आपला क्लब दिला. आता तूच सांभाळ, म्हणाला, आणि मामांनी ते असं मनावर घेतलं की पोटच्या पोरांनी हेवा करावा. रेडिओवरचं वर्णन कधी बंगालीत, कधी इंग्रजीत. मामांना दोन्ही भाषा सारख्याच परक्या. खेळाडूंची नावं आणि गोलांचे आकडे तेवढे कळायचे, बाकी सांगणाऱ्याचा आवाज चढला की हेही चढायचे आणि तो खाली आला की हेही मटकन खाली बसायचे.

नळाचं प्रकरण लीगच्या सुरुवातीलाच झालं. क्लब एका गोलनं मागं होता आणि मामा रेडिओला कान लावून कण्हत बसले होते. मामी वैतागल्या, नळाला पाणी आलंय, बादली तरी भरून आणा म्हणाल्या. मामा तणतणत गेले, बादली भरते न भरते तोच घरात रेडिओ गर्जला. बरोबरी झाली होती. दुसरी बादली लावली, तर दुसरा गोल. संपलंच की मग. सिग्नल पाळण्यात उभी हयात घालवलेला माणूस, एकदा नियम कळल्यावर तो कशाला मोडतोय? क्लब मागं पडला की मामा बादली घेऊन नळावर, आणि पुढं जाईपर्यंत घरात पाऊल टाकायचे नाहीत. स्वतःची पिंपं भरली की शेजाऱ्यांची. आज मॅच हाय का, असं बायका सकाळीच विचारून जायच्या आणि असली तर हंडे दाराबाहेर मांडून ठेवायच्या. मामी तर देवापुढं हात जोडून मागायच्या, आधी क्लबवर एक गोल बसू दे, मग काय जिंकायचं ते जिंकू दे.

याच दिवसांत शिरूरला त्यांच्या भाचीचं लग्न निघालं. नवरीच्या पाठीशी मामानं उभं राहायचं, ही रीत. गोरज मुहूर्त, अंतरपाट धरलेला, आणि मामांच्या कोटात ट्रान्झिस्टर. तिसऱ्या मंगलाष्टकाला नवरीमागची जागा रिकामी. शोधाशोध केली तर हे मांडवामागं आचाऱ्याचं पिंप भरतायत. बहिणीनं जन्माला पुरेल एवढं सुनावलं. मामांनी मान खाली घालून सगळं ऐकलं आणि म्हणाले, "आक्का, पोरीचं लगीन काय थांबत व्हतं व्हय? तिकडं पॉइंट जात व्हता."

लीग जिंकली. पाठोपाठ कलकत्त्याच्याच शिल्ड स्पर्धेच्या फायनलला एक परदेशी संघ आला. पेपरातले ते धिप्पाड गडी पाहून मामांनी ठरवलं की या वेळी मागं पडायची वाट बघून चालायचं नाही. मॅच सुरू व्हायच्या आधीच बादली लावली. ओळीतली पिंपं भरली, शाळेचा हौद भरला, आणि मग नळच गेला. मॅच बरोबरीत सुटली, शिल्ड दोघांत वाटून दिली. आणखी थोडा वेळ पाणी टिकलं असतं तर परदेशाला पाणी पाजलं असतं, म्हणून मामा आठवडाभर हळहळत होते.

आणि मग मुंबईत भरणाऱ्या कपाच्या स्पर्धेत क्लब फायनलला पोचला. मामांच्या रिटायरमेंटला थोडेच दिवस उरले होते. पास होता, रजा होती, मॅचची तिकिटं मी मिळवली. एकदा डोळ्यांनी बघायचेत, एवढंच ते महिनाभर म्हणत होते. तुम्ही तिकडं गेल्यावर नळावर कोण, असं मामींनी विचारलं तेव्हा, मी समोर असल्यावर नळ कशाला लागतोय, म्हणाले.

इस्त्रीचा युनिफॉर्म घालून मामा प्रेक्षकांच्या स्टँडात बसले. पोरं मैदानावर आली तसा त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि सोडलाच नाही. वर्षभर नुसती नावं ऐकलेली माणसं, आता एकेकाला बघता बघता त्यांचे डोळे भरून येत होते. आणि हाफ टाइमच्या जरा आधी क्लबवर गोल झाला.

मामा थोड्या वेळानं उठले. मी म्हणालो, मामा, बसा हो, एवढ्या लांबून आलात. त्यांनी मैदानाकडं पोटभर पाहून घेतलं. "माझ्या बघण्यापायी पोरं हरायला नकोत," म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले.

क्लबनं नंतर दोन गोल मारले. कप जिंकला. मी धावत बाहेर आलो तर मामा बाह्या दुमडून एका चहावाल्याचं पिंप भरत होते आणि तो चहावाला खुशीत त्यांना फुकट चहा पाजत होता.

परतीच्या गाडीत दोन्ही गोल त्यांनी माझ्याकडून कितीदा वदवून घेतले असतील; दुसरा मी थोडक्यात उरकायचो. घाट लागला तसे खिडकीकडं सरकले. मला फार वाईट वाटत होतं. लोणावळा गेल्यावर त्यांनीच विचारलं, "तो बुटका, आपल्या फुडंच बुटाची नाडी बांधत बसला व्हता बघ, त्यानंच मारला का रं दुसरा?"

स्टँडातले सगळे एकदम उठले होते. दुसरा गोल कुणी मारला ते मला दिसलंच नव्हतं.

"तोच," मी म्हणालो.

मामांनी मान हलवली आणि म्हणाले, "बरं झालं. त्याला तरी बघितला."