पोरीनं मलेच डिलीट केलं असतं

बायांनो, आज डोकं सुन्न झालं माह्यं.

पोरीनं घरच्या फोटो-व्हिडिओचं ॲप बनवलं. म्हणे, "आई, तुह्यं नाव टाक, सगळे फोटो येतीन." मी शोभा टाकलं. लग्नानंतरचेच आले. माहेरचे, मुकुटबनचे, माह्या मायसोबतचे, एकही नाही.

विचारलं तं म्हणे, "ते कोण्या सुमनचे आहेत. फोटोमागं लिहून होतं. अनोळखी म्हणून डिलीटच करणार होती मी."

"अवं, सुमन मीच हाव. लग्नात नाव बदललं माह्यं."

ती म्हणे, "मी तं एका माणसाले एकच नाव बसते असा डाटाबेस घेतला."

"मंग दुसरा घे. बाईले दोन नावं असतात."

दुपारपासून तेच करून राह्यली. पण पोटच्या पोरीले मायचं पह्यलं नाव माहीत नसावं? तुमच्या लेकरांले माहीत आहे का? आजच विचारून पाहा.