व्हरांड्याचं निळं छत

दर तिसऱ्या वर्षी, मार्च लागला की ऑथो ग्रिग्ज शिडी खांद्यावर टाकून टिलसनांच्या घराकडे निघायचे आणि व्हरांड्याचं छत निळं करून यायचे. त्यांच्याआधी हे काम वडील करायचे, वडिलांआधी आजोबा. १९०९ साली घर उभं राहिलं तेव्हा पहिला निळा हात आजोबांनीच दिला, असं मिस्टर ऑथो सांगायचे. जॉर्जियातल्या आमच्या एवढ्याशा गावात ही गोष्ट सगळ्यांना पाठ होती. न्हाव्याच्या खुर्चीत नवा माणूस बसला रे बसला, की कोपऱ्यातून मिस्टर ऑथोंचा आवाज यायचा.

"बाळा, ते निळं पाहिलंस? घर टिलसनांचं, जमीन टिलसनांची. आभाळ आमचं!"

"झालं सुरू," न्हावी कात्री न थांबवता म्हणायचा.

दुकानातला तयार निळा त्यांना चालत नसे. पांढऱ्यात निळी पूड, वर हिरव्याचा एक थेंब. मग बोट बुडवून मनगटावर फासायचं आणि मनगट उन्हात धरायचं. "भुताला पाणी ओलांडता येत नाही. वर बघून त्याला नदी वाटली पाहिजे. पोहायचा तलाव नव्हे!" गांधीलमाश्याही त्या निळ्याला फसतात, तिथं पोळं करत नाहीत, असंही ते सांगायचे.

त्यांच्या आजोबांच्या नावाची गावात कुठंच पाटी नव्हती. थडग्यावर लाकडी फळी होती, ती कधीच कुजून गेली. उरलं होतं ते छत.

गेल्या वर्षी घर गावाच्या समितीकडे आलं. समितीच्या प्रमुख मिस डेल्फीन, टिलसनांपैकी शेवटच्या. त्या प्रत्येक शब्द सरबतासारखा ढवळून मग बाहेर सोडतात. घर पहिल्या दिवशी होतं तसं करायचं ठरलं आणि त्यांना एक जुना कृष्णधवल फोटो सापडला.

"ऑऽथो, यात तर छत पांऽढरं दिसतंय रे."

"मिस डेल्फीन, यात तुमचे आजोबाही करडे दिसतायत."

सगळे हसले, त्याही हसल्या. पण पुरावा हवा, म्हणाल्या.

"पुरावा वरच आहे. काढून दाखवतो."

चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते शिडी चढले. अंगठ्याला काचकागद गुंडाळून एकाच जागी गोल गोल घासत राहिले. बशीएवढा खळगा झाला आणि कापलेल्या ओंडक्यासारखी त्यात कडी दिसू लागली, सगळी निळी, पण एक दुसऱ्यासारखं नाही. खाली समितीचे पाच जण माना वर करून उभे, त्यातल्या एकाच्या हातात नोंदवही.

"हे माझं. हे बाबांचं. हेही बाबांचंच, लढाईत पूड मिळेना म्हणून फिकट. आणि हे आजोबा..."

सगळ्यांत आतलं, लाकडाला चिकटलेलं कडं पांढरं होतं.

"अस्तर असेल ना ते, ऑथो?" मिस डेल्फीन खालून म्हणाल्या. या वेळी शब्द ढवळले नाहीत. "निळ्याखाली पांढरं अस्तर देतातच की."

वहीवाल्यानं लिहायलाही घेतलं होतं. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मिस्टर ऑथोंनी चष्मा पुसला, अंगठा ओला करून तिथं फिरवला. पांढऱ्याच्या आणि पहिल्या निळ्याच्या मधोमध केसाएवढी काळी रेघ होती.

"अस्तर नाही, मॅम. अस्तरावर दुसऱ्याच दिवशी रंग चढतो, त्यावर काजळी बसायला वेळच नसतो. हे तीन-चार वर्षं उघडं होतं."

"ते लिहायलाच हवं असं नाही."

"लिहा. आजोबांनी रंगाचा खोटा हात कधी कुणाला दिला नाही. बाबांच्या सांगण्यात चुकलं असेल, नाहीतर माझ्या ऐकण्यात."

उतरताना ते प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकत होते. आता रंगवणार कोण, हे विचारायला कुणाची जीभ रेटेना. तेच म्हणाले, "पांढराही येतो मला."

एप्रिलमध्ये त्यांनी पांढऱ्याचे दोन हात दिले. एक थेंब खाली पडला नाही. त्या बशीएवढ्या खळग्यापाशी आल्यावर मात्र ब्रश थांबला.

"मिस डेल्फीन, एवढं राहू देऊ?"

त्यांनी वरच्या निळ्या कड्यांकडे पाहिलं. "राहू द्या, मिस्टर ऑथो."

त्यांच्या तोंडून 'मिस्टर' कुणी कधी ऐकलं नव्हतं. न्हाव्याकडे त्यावर आठवडाभर चर्चा झाली. मिस्टर ऑथो तिथंच बसले होते. नवा माणूस खुर्चीत बसला, न्हाव्यानं मुद्दाम कात्री थांबवून वाट पाहिली. कोपऱ्यात वर्तमानपत्राचं पान उलटलं, एवढंच.

जूनमध्ये गांधीलमाश्यांनी व्हरांड्यात पोळं केलं. मिस डेल्फीननी फोन केला, मिस्टर ऑथो झाडू घेऊन गेले, पोळं पाडलं, परत आले. पोळं बशीपासून अगदी लांब, दुसऱ्या टोकाला होतं. हे त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. मिस डेल्फीन सांगतात, येणाऱ्या प्रत्येकाला, व्हरांड्यात उभं करून, वर बोट दाखवून.